मोडायची मुभा कोणाला?

शंकेखोर : आधी हिशोब मांडू. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय विक्रीला आला आणि '३५ डॉलरचा संगणक' म्हणून जगभर गाजला. पण त्या ३५ डॉलरमध्ये हातात काय पडत होतं? एटीएम कार्डाएवढा एक उघडा बोर्ड. कीबोर्ड नाही, माऊस नाही, पडदा नाही, चार्जर नाही. ज्याच्यावर सगळी कार्यप्रणाली असते ते मेमरी कार्डसुद्धा आपणच आणायचं. केंब्रिजमधल्या सुखवस्तू घरात जुना कीबोर्ड माळ्यावर पडलेला असतो आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीला एचडीएमआयची जागा असते. तालुक्याच्या गावातल्या मुलाला यातली एकेक वस्तू विकत घ्यावी लागते. शिवाय आपल्याकडे नुसत्या बोर्डालाच काही हजार मोजावे लागतात. एवढा सगळा खर्च जमेस धरला तर कचेरीतून निघालेला जुना लॅपटॉप त्याच पैशात येतो. पडदा, कीबोर्ड, बॅटरी सगळं एकत्र. त्यावर लिनक्स टाकलं की पायथन शिका, स्क्रॅच शिका, काय हवं ते शिका. मग हा बोर्ड विकत घेऊन आपण नेमकं काय मिळवतो?

हौशी : तुमचा हिशोब मी खोडून काढत नाही. पण बोर्ड कशासाठी जन्माला आला ते पाहिलं, तर तुम्ही चुकीच्या रकान्यात बेरीज करताय असं वाटतं. एबेन अप्टन केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं काम पाहत होते. अर्ज करणाऱ्यांची संख्या घटत होती, आणि जे येत त्यांनी पूर्वीच्या मुलांसारखा स्वतः खटपट करून प्रोग्रॅम लिहिलेला नसे. आधीची पिढी बीबीसी मायक्रोवर वाढली होती. १९८१ साली केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीने बनवलेलं ते यंत्र. बटण दाबलं की समोर बेसिक भाषा हजर, दुसरं काही नाही. पुढे घरोघरी संगणक आले, पण ते अख्ख्या घराचे. त्यात वडिलांची कामं, बँकेचे व्यवहार, फोटो. मुलाने 'बघू तरी काय होतं' म्हणून काही बदललं की ओरडा ठरलेला. अप्टन, रॉब मलिन्स, जॅक लँग, ॲलन मायक्रॉफ्ट या मंडळींना हवं होतं ते मुलाच्या मालकीचं, बिघडलं तरी कोणाचं काही अडणार नाही असं यंत्र. तुमचा जुना लॅपटॉप ज्या घरात जाईल तिथे महिन्याभरात त्याच्यावर ताईचे परीक्षेचे फॉर्म भरले जातील आणि बाबांच्या पावत्या साठतील. मग त्याला कोणी हात लावू देईल? रास्पबेरी पायमध्ये सगळं असतं मेमरी कार्डावर. बिघडलं तर कार्ड काढायचं आणि पुन्हा लिहायचं. पैशापेक्षाही या मोकळीकीसाठी तो स्वस्त ठेवला आहे.

शंकेखोर : ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिच्यात कार्यकारणभाव घाईने जोडलाय. अर्ज घटले याला शाळाही जबाबदार होत्या. इंग्लंडमध्ये संगणक म्हणून शिकवत होते ते पत्र टाइप करणं आणि तक्ते भरणं. २०१२ च्या जानेवारीत, म्हणजे बोर्ड बाजारात येण्याआधीच, रॉयल सोसायटीने या शिक्षणावर कडक टीका करणारा अहवाल काढला होता. सप्टेंबर २०१४ पासून तिथला अभ्यासक्रमच बदलला, पाच वर्षांच्या मुलापासून संगणकशास्त्र सुरू झालं. त्यानंतर जे बदललं असेल त्याचं श्रेय बोर्डाला किती आणि शाळेच्या वेळापत्रकाला किती? २०१३ मध्ये गूगलच्या पैशातून ब्रिटनमधल्या मुलांसाठी १५ हजार बोर्ड दिले गेले. देणं सोपं असतं. ते बोर्ड उद्या सकाळी कोणत्या तासाला, कोणत्या शिक्षकाने उघडायचे, हे ठरवणं अवघड. आणि सुरुवातीपासून गिऱ्हाईक कोण होतं? लहानपणी बीबीसी मायक्रो वापरलेली, आता चाळिशीला टेकलेली माणसं. कोणी टीव्हीला जोडून सिनेमे बघायला घेतला, कोणी जुने खेळ खेळायला, कोणी घरातल्या इंटरनेटवरच्या जाहिराती अडवायला. मुलांचं नाव पुढे करून मोठ्यांनी खेळणं घेतलं, असं म्हटलं तर फार चुकेल का?

हौशी : श्रेयाचं मोजमाप मला करता येणार नाही, तो मुद्दा सोडून देतो. पण त्या चाळिशीतल्या माणसांना नावं ठेवू नका, कारण त्यांच्यामुळेच हा बोर्ड तगला. बनवणाऱ्यांचा अंदाज होता की एकूण १० हजार बोर्ड खपतील. पहिल्याच दिवशी विक्रेत्यांच्या साइट कोलमडल्या. त्या गर्दीतल्या लोकांनी पुढे मार्गदर्शिका लिहिल्या, दोष शोधले, हौसेने 'मॅगपाय' नावाचं मासिक काढलं. याहून वेगवान आणि स्वस्त बोर्ड नंतर कितीतरी आले. त्यातल्या अनेकांचं सॉफ्टवेअर बेवारस झालं आणि ते खणात गेले. नवशिक्याला रात्री दहा वाजता अडचण आली की तीच अडचण आधी कोणाला तरी आलेली असावी लागते. इथे ती आलेली असते.

आणि लॅपटॉपला जे नाही ते म्हणजे कडेच्या ४० पिना. ब्रेडबोर्डवर एक साधं पुश बटण लावा. एक टोक पायच्या पिनेला, दुसरं ग्राउंडला. पायथनमध्ये चार-पाच ओळी : बटण दाबलं की आकडा एकने वाढव. मूल एकदा दाबतं, पडद्यावर तीन. पुन्हा दाबतं, पाच. ते प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत तपासतं. चूक सापडत नाही, कारण चूक तिथे नाहीच. बटणातली धातूची पट्टी टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, जुळते-तुटते. आपल्या बोटाला ते कळत नाही, पण संगणक इतक्या वेगाने बघत असतो की प्रत्येक थरथर त्याला वेगळं दाबणं वाटते. उपाय सोपा आहे, त्याला 'डीबाउन्सिंग' म्हणतात : एकदा बदल दिसला की जरा थांब, मग पुन्हा बघ. पण त्या उपायापर्यंत पोचताना मुलाला जे कळतं ते पडद्यावरच्या कुठल्याच धड्यात नाही. प्रोग्रॅम निर्दोष असू शकतो आणि तरी उत्तर चुकीचं येऊ शकतं, कारण बाहेरचं जग शून्य आणि एकमध्ये नीट बसत नाही.

शंकेखोर : उदाहरण फक्कड आहे. पण त्याने तुमचाच खटला दुबळा केला. या प्रयोगाला लिनक्स चालवणारा संगणक लागतोच कुठे? इटलीतल्या इव्हरेआ गावात २००५ साली निघालेला आर्दुइनो हे काम करतो. ब्रिटनने २०१६ मध्ये सुमारे १० लाख शाळकरी मुलांना बीबीसी मायक्रोबिट फुकट वाटला, तोही करतो. खुद्द रास्पबेरी पायवाल्यांनी २०२१ मध्ये ४ डॉलरचा पिको काढला. आपल्याकडे तो काहीशे रुपयांत येतो. म्हणजे संगणक म्हणून जुना लॅपटॉप सरस आणि जोडाजोडीसाठी पिको सरस. मोठा पाय मध्येच लोंबकळतोय.

त्यात त्याचे नखरे. कोणत्याही मोबाइलचा चार्जर लावला की वीज कमी पडते आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायला लागते. पहिली दहा-अकरा वर्षं त्यात स्वतःचं घड्याळ नव्हतं. इंटरनेट नसेल तर तारीख चुकणार आणि नोंदींचा घोळ होणार. पिना ३.३ व्होल्टच्या, पण कोपऱ्यातच ५ व्होल्टच्या दोन पिना. वायर एक घर चुकली की बोर्ड कायमचा गेला. आणि तुमचं ते कार्ड! आपल्याकडे वीज जाते ती विचारून जात नाही. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड खराब. तुम्ही म्हणता पुन्हा लिहायचं. कशावर? कार्ड लिहायला दुसरा संगणक लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याच्यासाठीच तर हा बनवला होता ना?

हौशी : कार्डाचा मुद्दा लागला. नवे बोर्ड नेटवर्कच्या वायरीवरून कार्यप्रणाली स्वतः उतरवून घेऊ शकतात, पण त्याला इंटरनेट लागतं, म्हणजे अडचण एका घरातून दुसऱ्या घरात गेली. ५ व्होल्टची पिनही खरीच मारते. सगळ्या चुका माफ आहेत असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात पिको द्यावा आणि पाय नंतर, हेही मान्य.

पण 'मध्ये लोंबकळतो' हे मला दूषण वाटत नाही. पिकोवर प्रोग्रॅम चढवायला शेजारी संगणक लागतो. लॅपटॉपला बटण जोडायला मध्ये आणखी काहीतरी लागतं. पायवर बटणापासून वेबपानापर्यंतची अख्खी वाट एकाच बोर्डावर आहे. बटणाची नोंद फाइलमध्ये, फाइलमधून आलेख, आलेख त्याच बोर्डाने वाय-फायवर वाटलेल्या पानावर. वर्गातली मुलं फोनवर ते पान उघडतात आणि त्यांना कळतं की सर्व्हर म्हणजे कुठल्याशा परदेशातली गूढ इमारत नाही, तो टेबलावर पडलेला आहे आणि त्याची वायर उपटली की पान बंद होतं. कोलिब्रीसारखं सॉफ्टवेअर टाकलं तर असा एक बोर्ड इंटरनेट नसलेल्या शाळेत धडे आणि व्हिडिओ वाटत बसतो. तंत्रज्ञान वापरणारा आणि चालवणारा यांच्यात जी भिंत आहे ती इथे बुटकी होते. मुलाच्या हातातला फोन या बोर्डापेक्षा किती तरी ताकदवान असेल, पण त्याचं झाकण उघडायची सोयच ठेवलेली नाही.

शंकेखोर : झाकण. ठीक, तिथेच येऊ. तुमचं सगळं म्हणणं एका अटीवर उभं आहे : बिघडलं तरी चालेल. आता हा बोर्ड आपल्या शाळेत आणू. २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यातून बोर्ड, सेन्सर, थ्री-डी प्रिंटर येतात. कपाटात लागतात. आल्याबरोबर डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होते : वस्तू, नग, किंमत, बिल क्रमांक. मी एका शाळेत पाहिलं, बोर्ड दोन वर्षांनीही खोक्यातच होते, आणि ज्या सरांकडे चावी होती ते आळशी मुळीच नव्हते. पण एखादा बोर्ड जळला तर त्याचं निर्लेखन करायचं म्हणजे अर्ज, समिती, ठराव. तपासणीला कोणी आलं आणि नग कमी भरला तर खुलासा द्यायचा सरांनी. तुम्ही त्यांच्या जागी असता तर आठवीच्या साठ मुलांपुढे तो बोर्ड आणि वायरींचा गुंता ठेवला असता? बाजारातली स्वस्त वस्तू रजिस्टरवर चढली की महाग होते. केंब्रिजच्या लोकांनी ती मोडण्यासाठी बनवली. आपण ती जपण्यासाठी विकत घेतो.

हौशी : यावर माझ्याकडे पटकन उत्तर नाही. एवढं खरं की हा आक्षेप बोर्डावर नाही, नोंदवहीवर आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फुटतात. फुटणारच, असं धरूनच त्या मागवतात, वर्षाअखेर कोणी शिक्षकाचा खुलासा मागत नाही. काहीशे रुपयांचा पिको, ब्रेडबोर्ड, एलईडी, रेझिस्टर हे सगळं त्याच रकान्यात गेलं पाहिजे, खर्च होऊन संपणाऱ्या वस्तूंच्या. म्हणून मी किमतीवर इतका अडून बसतो. २०१५ साली पाय झीरो ५ डॉलरला काढला आणि 'मॅगपाय' मासिकाच्या अंकाबरोबर फुकट दिला तेव्हा लोकांनी ती विक्रीची युक्ती मानली. मला ती एक रेषा ओलांडल्यासारखी वाटते. अमुक किमतीच्या खाली वस्तू गेली की ती मालमत्ता राहत नाही, साहित्य होते. आणि शाळा नसेल जमवत, तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन पाहा. डिप्लोमाची पोरं स्वतःच्या पैशाने एकेक सेन्सर घेताना दिसतील. जळला तर हळहळतात, पुढच्या महिन्यात दुसरा घेतात. त्यांना खुलासा कोणालाच द्यावा लागत नाही.

शंकेखोर : ज्यांना पुढच्या महिन्यात दुसरा घेता येतो, त्यांना. आणि त्या काउंटरवर मुली किती दिसतात तेही सांगा. घरात यंत्र उघडून बसलेल्या मुलाला 'इंजिनिअर होणार' म्हणतात आणि मुलीला 'कशाला उचकापाचक करतेस'. मोडायची मुभा पैशाने मिळते, शहराने मिळते, मुलगा असण्याने मिळते. भाषेनेही मिळते. चुकीचे संदेश इंग्रजीत येतात, ते वाचून धीर न सुटणारं मूल बहुधा आधीच पुढे गेलेलं असतं. बोर्ड स्वस्त करून यातलं काहीच स्वस्त होत नाही.

आणि तुमची ती किंमतही कायमची कोरलेली नाही. २०२१ पासून चिपांची टंचाई आली तेव्हा बोर्ड मिळेनासे झाले, मिळाले तर दलालांच्या भावाने. त्या काळात कंपनीने उघडच सांगितलं की ज्यांचे धंदे या बोर्डावर चालतात अशा व्यावसायिक गिऱ्हाइकांना आधी माल देऊ. शिकणारा रांगेच्या शेवटी. २०२३ चा पाय ५ निघाला तेव्हा त्याची किंमत ६० डॉलरपासून सुरू झाली. जून २०२४ मध्ये कंपनीचे शेअर लंडनच्या बाजारात आले. मुलांसाठी निघालेली दिंडी कारखान्यांच्या दारात थांबली, असं कोणी म्हणालं तर?

हौशी : तर मी म्हणेन की कारखान्यांनीच ती चालती ठेवली. सहा कोटींवर बोर्ड खपले म्हणून एकेक बोर्ड त्या भावात बनतो. फक्त शाळांच्या भरवशावर तो कधीच बंद पडला असता. कंपनीत मोठा वाटा धर्मादाय रास्पबेरी पाय फाउंडेशनचा आहे, तो पैसा शिक्षणाकडे जातो. टंचाईतला निर्णय मला आवडला नाही, पण ज्या छोट्या उद्योगाचं यंत्र त्या बोर्डावाचून अडलं होतं त्याच्या कामगाराला मी काय सांगू? तुमचा मुलींचा मुद्दा मात्र मला अडवतो. म्हणूनच घरापेक्षा शाळा हवी. घर भेदभाव करतं, शाळेत निदान पाळीपाळीने हात लावू देता येतो.

शंकेखोर : आणि ते फाउंडेशन आज मुलांना शिकवतं कसं ते पाहिलंत? ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर. मुलांसाठी ते चालवतात त्या कोड क्लबला त्यांचा बोर्ड असण्याची अट नाही. त्यांनाही उमगलं असेल की धडा आणि सोबत बसणारा माणूस जास्त दूर पोचतो. मला तेवढंच म्हणायचंय. बटणाचा आकडा तीन आला तेव्हा मुलाजवळ कोणी तरी हवं, जे लगेच उत्तर सांगणार नाही आणि उठून जाऊही देणार नाही. आजकाल तर प्रोग्रॅम यंत्रच लिहून देतं, आकडा तीन का येतो तेही सांगतं. मग आणखी जपायला हवं ते हे माणूस. एका शाळेपुरते पैसे माझ्या हातात दिले तर मी ते त्या सरांच्या तासांवर घालीन. आठवड्याला दोन तास, दुसरं कुठलंही काम नाही, जनगणना नाही, पोषण आहाराच्या नोंदी नाहीत. बोर्ड नंतर.

हौशी : यंत्र उत्तर सांगतं, पण आकडा तीन आला हे आधी कोणाला तरी खटकावं लागतं, आणि खटकायला समोर खरं बटण लागतं. त्या सरांचा तास मलाही हवा. पण मोडायला काही नसलेल्या वर्गात तेच सर बटणाची आकृती फळ्यावर काढतील आणि 'डीबाउन्सिंग म्हणजे काय' हा प्रश्न तीन गुणांना येईल. आपण हे असं अनेक विषयांचं करून बसलोय. मी निम्मे पैसे जळणार हे धरूनच बोर्ड घेईन, आणि रजिस्टरवर नव्हे, खर्चात टाकीन.

शंकेखोर : म्हणजे तुम्हाला जळणाऱ्या बोर्डांचा खर्च मंजूर करून हवाय आणि मला शिक्षकाच्या वेळेचा. दोन्ही खर्च असे की वर्षाअखेर दाखवायला हातात काही उरत नाही.

हौशी : म्हणूनच दोन्ही मंजूर होत नाहीत. कपाटातला बोर्ड दाखवता येतो.

शंकेखोर : मग ३५ डॉलर की ६० यावर आपण उगाच भांडलो. दाखवायला काही उरणार नाही अशा खर्चावर सही कोण करेल, वाद तिथे आहे. आणि दोघांपैकी एकालाच सही मिळणार असेल, तर मी अजूनही माझाच कागद पुढे करीन.

हौशी : आणि मी माझा.